रोजच्या छोट्या अंतरासाठी परवडणारी लेडीज सायकल कशी निवडावी

तीन किलोमीटर अंतर आरामात सायकल चालवत गेलं तरी बारा-पंधरा मिनिटांत कापून होतं. तेवढ्या वेळात आपण किती वेळा थांबतो, ते एकदा मोजून पाहा. सिग्नल, वळण, आडवं आलेलं माणूस, वाटेतलं दुकान. मग पोहोचल्यावर उतरायचं, सायकल उभी करायची, कुलूप लावायचं आणि संध्याकाळी हे सगळं पुन्हा उलट. अशा प्रवासात सलग पेडल मारण्यापेक्षा चढणं, उतरणं आणि थांबणंच जास्त असतं. म्हणून या सायकलची परीक्षा वेगावर घेऊ नका, थांबण्यावर घ्या.

आधी घरी मापं घ्या

दुकानात जाण्याआधी पायाचं आतलं माप हवं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं वर घट्ट दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि जमिनीपासून तिथपर्यंत टेप लावा. या आकड्याला ०.६६ ने गुणलं की शहरी सायकलच्या फ्रेमचं अंदाजे माप मिळतं. माप ७२ सेंटिमीटर आलं, तर फ्रेम साधारण ४७ ते ४८ सेंटिमीटरची, म्हणजे १९ इंचांच्या आसपास.

इथे एक गल्लत हमखास होते. दुकानात ‘२६ इंची सायकल’ म्हणतात, तो आकडा चाकाचा असतो, फ्रेमचा नाही. एकाच चाकाच्या सायकली लहानमोठ्या फ्रेममध्ये येतात, त्यामुळे फ्रेमचं माप वेगळं विचारा.

फ्रेम: दांडी खाली हवी, पण लवचीक नको

लेडीज सायकलची दांडी खाली आणली गेली ती लांब स्कर्ट घालून बसता यावं म्हणून. आज तिचा खरा उपयोग दुसराच आहे. मागच्या कॅरिअरवर पिशवी असेल, तर पाय मागून फिरवून टाकता येत नाही. खालच्या दांडीच्या सायकलवर पाय सरळ पुढून आत घेता येतो आणि घाईत थांबावं लागलं तरी सीटवरून पुढे सरकून दोन्ही पाय जमिनीवर टेकता येतात. ही सोय इतकी मोठी आहे, की अशी सायकल पुरुषांनीही घ्यायला हरकत नाही.

मात्र वरची दांडी गेली की फ्रेमचा एक आधार जातो. स्वस्त सायकलमध्ये ती उणीव भरून काढलेली नसेल, तर सामान लादल्यावर सायकल डुलते. तपासायला सोपं आहे: एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने कॅरिअर धरून उलटसुलट पिळून पाहा. मागचा भाग वेगळा हलल्यासारखा वाटला, तर ती सायकल सोडून द्या. हँडलच्या नळीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन बारीक नळ्या तिरप्या गेलेली ‘मिक्स्ट’ फ्रेमही असते. ती जास्त ताठ असते, पण पाय थोडा वर उचलावा लागतो.

‘लेडीज’ असं लिहिलंय म्हणजे ती आपल्या अंगाला बसेलच असं नाही. बसून हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. हात ताणून पुढे वाकावं लागत असेल, तर फ्रेम तुमच्यासाठी लांब आहे.

चाकं: खिशात लोहचुंबक घेऊन जा

फ्रिजवर चिकटवायचं छोटंसं चुंबक चालेल. ते रिमला लावून पाहा. चिकटलं तर रिम लोखंडी, नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियमची. हे पाहायचं कारण असं, की क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेकचं रबर घसरतं आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड बरी राहते, शिवाय ती गंजून पोपडे धरत नाही. ब्रेक रिमवर लागणारे असतील, तर या एका गोष्टीसाठी मी थोडे पैसे जास्त मोजायला सांगेन.

मग टायरच्या बाजूला बोट फिरवा. तिथे ३७-६२२ असा जोडआकडा उठावात कोरलेला सापडेल. पहिला टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हा आकडा वहीत उतरवून घ्या, कारण ‘२६ इंची’ या नावाखाली ५५९ आणि ५९० अशी दोन वेगळी मापं विकली जातात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. मी एकदा घाईत नुसतं ‘छब्बीस’ सांगून टायर आणला होता. ५९० च्या रिमवर ५५९ चा टायर चढवायला अर्धा तास झटले, बोटं सोलली, तेव्हा कुठे आकडा वाचला. त्या दिवसापासून टायर मागताना तोंडून इंच येत नाहीत. रुंदी ३५ ते ४२ मिलिमीटर असली, की खडबडीत रस्त्यावरही पुरेसा आराम मिळतो.

ब्रेक आणि आपला पंजा

बाईचा हात लहान असेल, तर ब्रेकचा दांडा लांब पडतो, हे फारसं कुणी सांगत नाही. हँडल धरलेलंच ठेवून दोन बोटं दांड्यावर नीट पोहोचतात का पाहा. बऱ्याच दांड्यांवर एक बारीक स्क्रू असतो. तो पिळला की दांडा जवळ येतो. दुकानदाराला तिथल्या तिथे करून द्यायला सांगा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडा हँडलला टेकता कामा नये.

स्वस्त सायकलवर डिस्क ब्रेक दिसला म्हणून भुलू नका. चांगल्या रिमवरचे साधे व्ही-ब्रेक, म्हणजे दोन उभ्या दांड्यांनी रिमला दोन्हीकडून दाबणारे, छान थांबवतात आणि त्यांचं रबर बदलणं सोपं असतं.

गिअर, शॉकअप वगैरे

रस्ता सपाट असेल, तर गिअर नसले तरी चालतं. चढ असेल, तर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बसवलेले तीन गिअर सगळ्यात उत्तम, कारण सिग्नलला उभं असतानाही ते बदलता येतात. बाहेरचे, चेन सरकवणारे गिअर बदलायला पेडल फिरत असावं लागतं. पण हबचे गिअर महाग पडतात, त्यामुळे कमी पैशांत बाहेरचे सहा-सात पुरेत. एकवीस कशालाच लागत नाहीत. कमी किमतीतला पुढचा शॉकअप म्हणजे नुसतं वाढीव वजन. तो नसलेली सायकल घ्या.

कपडे आणि सामान

चेनवर पूर्ण झाकण हवं, निदान वरची बाजू तरी बंद हवी. मडगार्ड दोन्ही चाकांना, आणि मागच्या चाकाच्या बाजूंना जाळी. ओढणी किंवा घेरदार कपडा चाकाच्या तारांत अडकला तर नुसता फाटत नाही, माणूस पडतं. ही जाळी सायकलसोबत नसेल, तर वेगळी बसवून घ्या.

कॅरिअरवर किती किलो भार चालतो, ते बहुतेक वेळा त्याच्यावरच ठोकलेलं असतं. जड वस्तू पुढच्या बास्केटमध्ये ठेवू नका, वळताना हँडल ओढलं जातं. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल आणि सायकल घरात न्यावी लागणार असेल, तर दुकानातच ती उचलून पाहा. शहरी सायकलचं वजन सहज १५ ते १८ किलो भरतं.

चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

आधी सीटची उंची लावा: टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली गेलं, की पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. नव्याने शिकत असाल, तर सुरुवातीला सीट थोडी खाली घ्या.

दहा मिनिटं तरी चालवा आणि मुद्दाम हळू चालवा. अगदी माणसाच्या चालीने. चटकन वळा, पुढचं चाक बुटाला घासतं का बघा, गुडघा हँडलला लागतो का बघा. पाच-सहा वेळा थांबा आणि पुन्हा निघा. सीट बोचत असेल, तर मऊ सीट मागण्याआधी तिची रुंदी पाहा. घरी नालीदार पुठ्ठ्यावर कडक खुर्चीत ताठ बसून उठलं, की बसायच्या हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधल्या अंतरापेक्षा सीट चारेक सेंटिमीटर रुंद असली, की सरळ बसून चालवताना भार हाडांवर येतो, मांसावर नाही.

पैशांचा हिशेब

सगळं बजेट सायकलवर संपवू नका. चांगलं कुलूप, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, हेल्मेट आणि पंप यांचे पैसे आधी बाजूला काढा.

हात आखडता असेल, तर स्वस्तातल्या नव्या सायकलपेक्षा नीट ठेवलेली जुनी बरी. जुनी घेताना पुढचा चिमटा बाजूने पाहा, तो मागे दबलेला असेल तर सायकल कुठेतरी आदळलेली आहे. जोडांपाशी रंगाला तडा असेल, तर घेऊ नका. चाक उचलून फिरवा, डुलत असेल तर ‘आउट’ आहे. ते दुरुस्त होतं, फक्त तेवढे पैसे कमी करून घ्या. सीटची नळी वरखाली सरकते का, हे करून पाहा. गंजून अडकली असेल, तर तुमच्या उंचीला सायकल कधीच लागणार नाही.

नवी सायकल महिनाभर चालवली, की ब्रेकच्या वायरी सैल होतात आणि चाकाच्या तारा बसतात, तेव्हा ती पुन्हा एकदा आवळून घ्या. आणि घरी आणल्याच्या दिवशी सायकल उलटी करून पेडलच्या आसाखाली ठोकलेल्या फ्रेम नंबरचा फोटो काढा. सायकल चोरीला गेली, तर तक्रारीत लिहायला तोच नंबर लागतो.