लॅपटॉपला डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड जोडायचंय? कार्ड सगळ्यात शेवटी घ्या

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, लॅपटॉपला बाहेरून डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड लावता येतं ना? मग कुठलं घेऊ?" तो पुण्यात ॲनिमेशन शिकतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकेक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे तिचं अंतिम चित्र तयार व्हायला, त्याच्या लॅपटॉपला चार-चार मिनिटं लागत होती आणि प्रोजेक्टची तारीख जवळ आली होती. मी त्याला सांगितलं, कार्डाचं नाव आत्ता काढूच नकोस, आधी लॅपटॉपची बाजू नीट बघून मला फोटो पाठव. पुढे दोन आठवडे आम्ही जी तयारी केली ती त्याच क्रमाने इथे लिहितोय. या कामात क्रमालाच महत्त्व आहे. कार्ड आधी घरात आलं आणि पोर्टच चालत नाही असं नंतर कळलं, तर पैसे अडकतात.

तर पहिलं काम पोर्टचं. टाईप-सी आकार दिसला म्हणून भागत नाही. ग्राफिक्स कार्डाची भाषा पीसीआय एक्सप्रेस, आणि साधा यूएसबी पोर्ट ती वाहून नेत नाही. पोर्टशेजारी विजेच्या बाणाची बारीक खूण असते, ती असेल तर तो बहुधा थंडरबोल्ट, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसही वाहून नेणारा वेगवान पोर्ट. पण बाण बॅटरीच्या चित्रात काढलेला असेल तर ती खूण चार्जिंगची, थंडरबोल्टची नाही. उजेडात, भिंग घेऊनच पाहा; भाच्याच्या लॅपटॉपवर ही खूण करड्या रंगावर करड्या रंगाने छापलेली होती. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिस्टिम डिव्हाइसेस' उघडून थंडरबोल्ट कंट्रोलर किंवा यूएसबी४ राउटर अशी नोंद आहे का ते बघा, आणि शेवटी कंपनीच्या पानावर नेमक्या मॉडेल नंबरचा तपशील वाचा. या तीन ठिकाणी एकच उत्तर आलं तरच पुढे जा.

थंडरबोल्ट ३ आलं २०१५ मध्ये. वेग सेकंदाला ४० गिगाबिट, पण त्यातला कार्डाच्या वाट्याला येणारा भाग जास्तीत जास्त ३२ गिगाबिटचा, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. शिवाय या पिढीत काही कंपन्यांनी चारऐवजी दोनच लेन, म्हणजे डेटाच्या समांतर वाटा, दिल्या. डेलच्या एक्सपीएस १५ मालिकेत ९५६० ला दोन लेन होत्या, ९५७० ला चार मिळाल्या. बाहेरून दोन्ही पोर्ट अगदी सारखे दिसतात, म्हणून जुना लॅपटॉप असेल तर लेनची संख्या शोधूनच काढा. २०२० च्या थंडरबोल्ट ४ मध्ये ३२ गिगाबिट सक्तीचे झाले, त्यामुळे तिथे ही चिंता नाही. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये २०२२ च्या रायझेन ६००० पासून यूएसबी४ दिसू लागलं. मात्र यूएसबी४ च्या नियमांत पीसीआय एक्सप्रेस वाहून नेणं लॅपटॉपला ऐच्छिक आहे, तेव्हा त्याच मॉडेलवर कुणी कार्ड चालवलेलं आहे का ते आधी पाहा. थंडरबोल्ट ५ असेल तर उत्तमच, तिथे कार्डासाठी ६४ गिगाबिटपर्यंतचा रस्ता आहे.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: इंटेलचा मॅक, थंडरबोल्ट ३, हाय सिएरा १०.१३.४ किंवा नंतरची मॅकओएस आणि एएमडीचं कार्ड, एवढं जुळलं तर जमतं. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर, म्हणजे एम१ पासूनच्या मॅकवर ॲपल याला पाठिंबा देत नाही. तिथे या कामावर पैसे घालू नका.

थंडरबोल्ट नाही, यूएसबी४ पण नाही, तरी रस्ता संपत नाही. लॅपटॉपच्या पोटात एसएसडीसाठी एम.२ स्लॉट असतो आणि तो एनव्हीएमई जातीचा (पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या वेगवान एसएसडीचा) असेल तर त्यात बहुधा सरळ पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेन येतात. त्यात बसणारी पट्टी, तिच्यातून निघणारी चपटी किंवा ऑक्युलिंकची (पीसीआय एक्सप्रेस बाहेर आणणाऱ्या जोडाची) केबल आणि दुसऱ्या टोकाला कार्डाचा स्लॉट असलेला बोर्ड, असा हा संच मिळतो. पैसे कमी लागतात आणि वेग बहुतेक वेळा थंडरबोल्टपेक्षा बराच बरा मिळतो, कारण मधे भाषांतर करणारा कोणी नसतो. पण तयारी जास्त लागते. स्लॉट फक्त साटाचा, म्हणजे डिस्कच्या जुन्या जोडणीचा, असेल तर उपयोग नाही. वाय-फायच्या स्लॉटला एकच लेन असते, तिच्यावर विसंबू नका. एकुलत्या एका एम.२ मध्ये विंडोज असेल तर ती आधी दुसऱ्या डिस्कवर हलवावी लागेल, म्हणजे अडीच इंची साटा डिस्कची जागा हवी. खालचं झाकण उघडं ठेवावं लागेल किंवा केबलपुरती खाच करावी लागेल, त्यामुळे वॉरंटी संपलेली असेल तरच या वाटेने जा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही जोडणी चालू लॅपटॉपवर कधीही लावायची किंवा काढायची नाही.

पोर्टचं ठरलं की कामाचं ठरवा. ब्लेंडरसारख्या रेंडरिंगला अरुंद रस्ता फारसा नडत नाही. सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढचं सगळं काम कार्डाच्या आतच होतं. गेमिंगमध्ये मात्र प्रत्येक फ्रेमला ये-जा असते, तिथे फटका बसतो, आणि १०८०पी वर जास्तीत जास्त फ्रेम काढायला गेलात तर ४के पेक्षा जास्त बसतो. त्यात लॅपटॉपच्याच स्क्रीनवर चित्र हवं असेल तर तयार फ्रेम त्याच केबलने परत आणावी लागते. म्हणून गेमसाठी वेगळा मॉनिटर यादीत धराच आणि त्याची केबल थेट कार्डाला लावा. भाच्याला रेंडर करायचं होतं, त्याच्या यादीतून मॉनिटर काढून टाकला आणि वाचलेले पैसे कार्डाच्या मेमरीवर लावले.

आता वीज. या भागात घाई करू नका असं मी हात जोडून सांगेन. कार्ड आत बसवायचा तयार बंद डबा घेतलात, म्हणजे रेझर कोअर एक्ससारखा, तर त्यात ६५० वॅटचा पॉवर सप्लाय असतो आणि लॅपटॉपही त्याच केबलवर १०० वॅटपर्यंत चार्ज होतो. उघडा बोर्ड घेतलात तर एसएमपीएस, म्हणजे डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय, वेगळा आणावा लागतो. हिशोब असा: कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात, सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडातून १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ४०६० ला ११५. क्षणभर कार्ड याहून जास्त ओढतं, म्हणून अशा कार्डांना चांगल्या नावाचा ४५० वॅटचा एसएमपीएस घ्या. ज्याच्या वजनानेच हलकेपणा कळतो असा स्वस्तातला डबा नको.

आठ पिनांचे दोन जोड एसएमपीएसमधून निघतात आणि दिसायला भावंडं आहेत. एकावर सीपीयू लिहिलेलं असतं, तो चार अधिक चार असा दुभंगतो. कार्डाचा जोड सहा अधिक दोन असा दुभंगतो. दोघांत बारा व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट आहेत. जोड जाताना अडला तर जोर लावू नका, बाहेर काढून छापलेली अक्षरं वाचा. बरोबर जोड बसला की खटका लागल्याचा आवाज येतो आणि क्लिप कार्डाच्या ओठावर अडकलेली दिसते. तसंच, सुट्या केबलवाल्या एसएमपीएसला दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावायची नाही, मग ती कितीही तशीच दिसो. आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि कार्ड जळू शकतं. मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू होत नाही. बोर्डवर २४ पिनांची जागा असेल तर बोर्ड त्याला सुरू करतो; नसेल तर हिरवी आणि काळी वायर जोडणारा तयार जंपर प्लग मिळतो, तो आणा. क्लिप वाकवून खुपसण्याचा प्रकार टाळा.

आणि अर्थिंग. भाच्याच्या खोलीत सगळं टेबलावर मांडलं, एसएमपीएस चालू केला आणि त्याच्या पत्र्यावर बोटाची मागची बाजू टेकवली तर बारीक चुणचुण झाली. मी लगेच बटण बंद केलं. सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्याला मागे वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे लहान कपॅसिटर असतात. त्यांची गळती अर्थमधून जमिनीत जायची असते, अर्थ नसला की ती पत्र्यावर थांबते, आणि केबल लावल्यावर लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत पोचते. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटर लावून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार. आम्हाला वायर ओढून घ्यायला एक दिवस गेला. तोवर कार्ड घेतलंच नाही.

आता कार्ड घ्यायला निघा. बंद डबा असेल तर कार्डाची लांबी आणि जाडी मोजपट्टीने ताडून बघा. जुनं घेणार असाल तर लक्षात ठेवा, १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं) बंद झालं आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस चाललेली पुष्कळ कार्डं बाजारात आली. लॅमिंग्टन रोडला किंवा कुठेही घ्या, पण दुकानदाराच्या मशीनवर निदान पंधरा मिनिटं लोड देऊन, तापमान आणि पंख्याचा आवाज बघूनच पैसे द्या. पंखा बोटाने हळूच फिरवला तर खरखर नको. आम्ही १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घेतलं, कारण भाच्याचे सीन ८ जीबीत मावत नव्हते. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं आणि ते थंडरबोल्टवर सहसा मिळत नाही, म्हणून ती या कामासाठी बाजूला ठेवली.

थंडरबोल्टच्या केबलवर बचत नको. टोकावर बाण आणि ३ किंवा ४ हा आकडा छापलेला हवा. मोबाइलची टाईप-सी केबल लावली तर कार्ड दिसणारच नाही. थंडरबोल्ट ३ ची साधी केबल अर्ध्या मीटरच्या पुढे गेली की वेग निम्मा होऊ शकतो. डब्याबरोबर आलेली आखूड केबलच वापरा आणि टेबलावरची मांडणी तिच्या लांबीप्रमाणे करा.

आदल्या रात्री लॅपटॉपची तयारी. बॅकअप घ्या. बिटलॉकरची (विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, थंडरबोल्टची सेटिंग बदलली की विंडोज ती मागू शकतं. मग बायोस अपडेट करा आणि थंडरबोल्टची सुरक्षा 'फक्त डिस्प्लेपोर्ट' यावर नाही ना ते बघा. कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष असतील तर डीडीयू या सफाईच्या प्रोग्रामने काढा. लिनक्सवर असाल तर बोल्ट पॅकेज आहे का ते तपासा, बोल्टसीटीएल चालवून डबा अधिकृत करावा लागतो.

जोडायच्या दिवशी टेबल कोरडं आणि मोकळं ठेवा. उघडा बोर्ड असेल तर कार्डाचं वजन स्लॉटवर लोंबकळू देऊ नका, कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीला स्क्रू मारा किंवा खाली लाकडी ठोकळा द्या. कार्डाला हात लावण्याआधी अर्थ असलेल्या पत्र्याला स्पर्श करा. एम.२ किंवा ऑक्युलिंकवाल्यांनी दोन्ही बंद ठेवून केबल लावायची, मग आधी एसएमपीएस आणि नंतर लॅपटॉप सुरू करायचा. थंडरबोल्टवाल्यांनी विंडोज सुरू झाल्यावर केबल लावली तरी चालतं. परवानगीची चौकट आली तर 'नेहमी जोडा' निवडा आणि मग ड्रायव्हर टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १२ दिसला तर कार्डाला लागणाऱ्या मेमरीच्या पत्त्यांची जागा अपुरी पडली आहे. लॅपटॉपमध्ये आधीचं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ते तिथेच डिसेबल करून पुन्हा सुरू करा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

सगळं दिसू लागलं तरी लगेच कामाला लावू नका. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम किती लेन मिळाल्या ते सांगतो, पण थंडरबोल्टवर त्याचा आकडा कधीकधी चुकीचा येतो, म्हणून थ्रीडीमार्कमधली पीसीआय एक्सप्रेसची चाचणी चालवा. थंडरबोल्ट ३ आणि ४ वर सेकंदाला अडीच गिगाबाइटच्या आसपास आकडा आला तर रस्ता नीट आहे. एम.२ वाल्यांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी साचत नाहीत ना ते पाहावं. साचत असतील तर केबल आखूड घ्या किंवा बायोसमध्ये वेग एक पिढी खाली आणा. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'सिस्टिम'खाली ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करण्याची पद्धत) निवडून फक्त नवं कार्ड टिक करा, आणि ॲनिमेशन काढताना 'पर्सिस्टंट डेटा' चालू ठेवा, म्हणजे तोच सीन प्रत्येक फ्रेमला केबलवरून पुन्हा पाठवला जात नाही.

लॅपटॉप स्लीपमध्ये जाणं बंद करा, कार्ड जोडलेलं असताना झोपलेला लॅपटॉप नीट उठेलच असं नाही. थंडरबोल्टची केबल काढताना आधी ब्लेंडर बंद, मग स्क्रीनच्या खालच्या पट्टीतून (टास्कबारमधून) कार्ड सुरक्षित काढा, मग केबल ओढा. भाच्याने पहिल्या दिवशीचं तापमान, चाचणीचा आकडा आणि एका फ्रेमची वेळ, ३८ सेकंद, हे तिन्ही कागदाच्या पट्टीवर लिहून एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलंय. दर महिन्याला धूळ झटकली की तो तीच फ्रेम पुन्हा काढून आकडे ताडून बघतो.