संरक्षण खात्याकडून ‘गोपनीय’ म्हणून नकार आला तर

अर्ज लिहिण्याआधी कार्यालय कोणतं ते पाहा. माहिती अधिकार कायदा २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत रॉ, आयबी, डीआरडीओ, बीएसएफ अशा संस्था आहेत. कलम २४ मुळे त्यांच्याकडून फक्त भ्रष्टाचाराच्या किंवा मानवी हक्कभंगाच्या आरोपांबद्दलच माहिती मागता येते. भूदल, नौदल, हवाई दल या यादीत नाहीत. तिथे नेहमीसारखा अर्ज चालतो.

फी १० रुपये. राज्याच्या कार्यालयांच्या सवयीने कोर्ट फी स्टॅम्प लावू नका, केंद्राच्या नियमांत तो नाही. ‘अकाउंट्स ऑफिसर’च्या नावे पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर पैसे भरा. मजकूर ५०० शब्दांच्या आत ठेवा.

खरं कसब मागणीच्या शब्दांत आहे. ‘छावणीच्या रस्त्याचं काम रखडलं का?’ असं विचारलंत तर उत्तर मिळेलच असं नाही, कारण कायदा नोंदी देतो, खुलासे नाही. म्हणून लिहा: ‘सदर रस्त्याच्या कामाची वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकातील (कामाच्या मोजमापाच्या वहीतील) नोंदी आणि अदा केलेली बिलं यांच्या प्रती द्याव्यात. संवेदनशील मजकूर असल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी.’ तुकड्यांची ठिकाणं, संख्याबळ, शस्त्रसाठा यांना हात लावू नका. ती माहिती जपलीच पाहिजे. शिवाय ती बिलांसोबत मागितली की सगळाच अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळतं.

उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला तर कारण नीट वाचा. फाइलवर ‘गोपनीय’ शिक्का आहे, एवढं पुरत नाही. कलम ८(१)(ए) लावायचं तर माहिती उघड झाल्याने देशाच्या सुरक्षेला बाधा कशी येते ते सांगावं लागतं, आणि कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर असतो. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ पुढे केला असेल तर अपिलात कलम २२ दाखवा: दोन्ही कायद्यांत विसंगती असेल तिथे माहिती अधिकार कायदा वरचढ. सोबत कलम ८(२) मांडा आणि माहिती देण्यातलं जनहित संभाव्य हानीपेक्षा मोठं कसं, ते ठोस लिहा. वीस वर्षं जुन्या माहितीवरचे बहुतेक अपवाद उठतात, तो नियम मात्र इथे कामाचा नाही, सुरक्षेचा अपवाद त्यानंतरही टिकतो.

पहिलं अपील ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. दुसरं ९० दिवसांत, केंद्रीय माहिती आयोगाकडे. त्याला अर्ज, उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश यांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि अनुक्रमणिका जोडा.