गढीची डागडुजी: व्हियोले-ल-द्युकच्या क्रमाने

गढीच्या भिंतीला भेग पडली की पहिला हात सिमेंटच्या पोत्याकडे जातो. तो तिथेच थांबवा.

फ्रेंच वास्तुकार युजेन व्हियोले-ल-द्युक (1814–1879) याच्याकडे 1840 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी, वेझलेचं मोडकळीला आलेलं चर्च सोपवलं गेलं. पुढे पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं काम त्याने लासू या वास्तुकाराबरोबर हाती घेतलं. दुरुस्तीआधी इमारतीचा प्रत्येक भाग कोणत्या काळचा आणि कसा बांधलेला हे ठरवून नोंदवायचं, हा त्याचा आग्रह. वऱ्हाडातल्या गढीलाही तो लागू पडतो.

टेप, सुतळी आणि ओळंबा घ्या. खण मोजा, प्रत्येक खांबाला नंबर द्या. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडून दर 50 सेंमीवर दोरीपासून भिंत किती लांब आहे ते लिहा. भिंतीला पोट आलं असेल तर आकड्यांतच दिसतं.

भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते. म्हणून एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय भेग भरू नका. हलती भेग भरली की शेजारी दुसरी निघते.

आता पाणी. धाब्यावरची गळती, तुंबलेली पन्हळ, पायथ्याशी साचणारं डबकं, हे आधी. भिंतीलगत मीटरभर पट्ट्याला बाहेरच्या बाजूला 5 सेंमी उतार द्या. ओल थांबली नाही तर लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) परत येणारच, वर काहीही थापा.

पांढऱ्या मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा हवा. चाळलेल्या पांढऱ्या मातीत गव्हाचं कुटार (भुसा) मिसळून निदान आठवडाभर भिजत ठेवा, रोज तुडवा. काळी माती घालू नका, वाळताना तडकते. सिमेंटचा गिलावा इथे सगळ्यात घातक: ओल आत कोंडते, माती सडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा भिंतीचा थर घेऊन खाली येतो.

दगड-विटेच्या बांधकामाला चुना. कळीचा चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळी उसळते, डोळ्यांना चष्मा हवाच. महिनाभर पाण्याखाली मुरू द्या आणि चाळून घ्या, नाहीतर न विरलेले खडे पुढे गिलाव्यात फुगून खपल्या पाडतात. मग चुना, सुर्खी (विटांची पूड), वाळू सम भाग. थर 10–12 मिमीचा. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, म्हणून निदान दहा दिवस ओल्या पोत्यांनी झाका. वैशाखात हे काम काढूच नये. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस चांगले.

सागाच्या खांबाचा पाय उधईने (वाळवीने) खाल्ला असेल तर आधी दोन्ही बाजूंना टेकू द्या, मगच कुजका भाग कापा. जोड मुरलेल्या सागाचाच, तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) बसवलेला. ओल्या लाकडाचा जोड आटून सैल होतो.

एका बाबतीत मात्र व्हियोले-ल-द्युकचं ऐकू नका. वास्तू पूर्वी कधी नसेल इतक्या पूर्ण रूपातही आणता येते, असं तो मानायचा. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनच्या बुरुजांवर त्याने पाटीच्या दगडाची टोकदार छपरं चढवली. ती त्या मुलखाची नव्हेत, अशी टीका झाली. गढीचा पडलेला बुरूज किती उंच होता याचा पुरावा नसेल तर तो वाढवू नका. उरलेल्या माथ्यावर पाणी मुरणार नाही एवढंच करा. नवा दगड किंवा लाकूड बसवलं, तर सहज न दिसणाऱ्या बाजूला ते बसवल्याचं वर्ष कोरून ठेवा.