ओबेरेक बसवायचाय? आधी तबला झाकून ठेवा

पुतणी शिकायला पोलंडमधल्या क्राकोला गेली आणि तिकडच्या खेड्यांतलं नाचाचं संगीत फोनवर पाठवू लागली: कुयाव्याक, माझुरेक, ओबेरेक, सगळे तीन मात्रांचे लोकनाच. तेव्हापासून अमळनेरला आमच्या गच्चीवर ताफा जमतो: एक व्हायोलिन, दोन पेट्या, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, एक डफ आणि माझा तबला. शेजारी विचारतात, पोलंडशी आपला काय संबंध? १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहिले होते, एवढं सांगितलं की गप्प होतात.

लग्नसराईत सुरुवात करू नका. क्लॅरिनेटवाला हाती लागत नाही.

पहिली चूक माझीच. माझुरेक तीन मात्रांचा, म्हणून मी सरळ दादरा धरला. सगळं गुळगुळीत झालं, भावगीतासारखं. दादऱ्यात वजन समेवर. माझुरेकमध्ये ते दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मात्रेवर सरकतं, तेही दर वेळी एकाच जागी नाही. डफवाला वैतागला, "दादा, हाऊ ताल लंगडा शे का?" लंगडाच शे, म्हटलं, आणि तबला झाकला. बोल असे धरा: 'तक धा धा'. 'तक' मिळून एक मात्रा, पुढचे दोन्ही 'धा' एकेक मात्रेचे. चालता चालता तोंडाने म्हणा, टाळी कधी मधल्या 'धा'वर, कधी शेवटच्या. आठवडाभर एवढंच, वाद्याला हात लावायचा नाही.

मग कुयाव्याक घ्या. कुयावी भागातला हा नाच संथ, लय मध्येच ताणली जाते. सगळ्यांनी व्हायोलिनच्या गजाकडे बघायचं. त्यानंतर माझुरेक. ओबेरेक शेवटी, कारण तो सर्वांत जलद. नावातच गरगर फिरणं आहे. आखाजीला फुगडी घातलेल्या बायकांना तो लगेच कळला, आम्हा पुरुषांना महिना लागला.

तिकडे सूर धरायला 'बासी' नावाचं गजाने वाजवायचं जाड तारांचं वाद्य असतं (नावावर जाऊ नका). त्याची जागा एका पेटीला द्या: खालचा सा आणि पंचम, बाकी काही नाही. पेटीवाल्याची बोटं शिवशिवतात. त्याच्या शेजारी कडक माणूस बसवा. तिथल्या झांजा लावलेल्या डफाची जागा आपला डफ काठीने भरून काढतो.

चाली मिळवायच्या तर ओस्कार कोलबेर्गचं नाव शोधा. एकोणिसाव्या शतकात या माणसाने गावोगाव फिरून हजारो चाली लिहून ठेवल्या. स्टाफ नोटेशन वाचणारा मिळाला नाही, तर रेकॉर्डिंग फोनवर निम्म्या वेगाने लावून सरगम उतरवा. पोलिश संगीतकार शोपँच्या माझुर्कांपासून (माझुरेकवरून रचलेल्या त्याच्या रचना) मात्र सुरुवात नको. त्या पियानोच्या, त्यावर पाय नाचत नाहीत.

कार्यक्रम जेवणाआधी ठेवा. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी चापल्यावर ओबेरेकच्या गिरक्या कोणी घेत नाही, आम्ही करून पाहिलंय.