फोनची बटणं आणि टच बदलताना या चुका टाळा

फोन आपोआप बोलायला लागतो. चिन्हाला बोट लावलं की त्याभोवती नुसती चौकट उमटते, उघडत काहीच नाही, आणि स्क्रीन एका बोटाने सरकतही नाही. घरातली मंडळी घाबरतात, दुकानात जातात, तिथे कुणीतरी फोन फॅक्टरी रिसेट करतो आणि नातवंडांचे फोटो कायमचे जातात. हे फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा फोनला काहीही झालेलं नसतं. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली गेली आणि टॉकबॅक सुरू झालं, एवढंच. अंध आणि कमी दिसणाऱ्यांसाठी अँड्रॉइडमध्ये असलेली ही सोय स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवते.

उपाय: तीच दोन बटणं पुन्हा एकत्र सुमारे 3 सेकंद दाबून धरा. तेवढ्याने बंद झालं नाही तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक, असं जा. फक्त टॉकबॅक चालू असताना रीत वेगळी असते: एकदा बोट लावून निवडायचं, दोनदा टॅप करून उघडायचं आणि दोन बोटांनी सरकवायचं. घरात कुणालाच या सोयीची गरज नसेल तर तिथला शॉर्टकट बंद करून टाका, निदान लॉक स्क्रीनवरून तरी तो चालू होणार नाही असं करा. गरज असेल तर मात्र त्याला हात लावू नका. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तो शॉर्टकट म्हणजे फोनचं दारच आहे.

बटणं आणि टचच्या बहुतेक तक्रारींची गोष्ट अशीच असते. प्रत्येक बटणाला आधीपासून एक काम असतं, कधी तीन-चार कामं असतात. ती न बघता आपण नवीन काम त्याच्यावर लादतो, नाहीतर कुणीतरी आधीच लादलेलं असतं.

पॉवर बटणावर हवं ते लावणं

या बटणाबाबत सगळ्यात जपून वागायला हवं. भारतात 2016 साली नियम झाला आणि 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय सक्तीची झाली. स्मार्टफोनवर पॉवर बटण भराभर तीनदा दाबलं की आपत्कालीन कॉल, आणि साध्या बटणांच्या फोनवर 5 किंवा 9 हा आकडा दाबून धरला की तेच. म्हणून आजोबांच्या साध्या फोनवर स्पीड डायल लावून देताना 5 आणि 9 हे आकडे सोडा. मुलाचा नंबर 2 वर लावा, मुलीचा 3 वर.

स्मार्टफोनवर गफलत होते ती कॅमेऱ्यामुळे. पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा, ही सोय बऱ्याच फोनमध्ये असते आणि ती चांगलीच आहे. पण घाईत, ओल्या हाताने किंवा जाड कव्हरवरून दाबताना पहिला दाब नीट लागला नाही असं वाटून माणूस तिसऱ्यांदा दाबतो. काही फोनना आपत्कालीन कॉलसाठी तीन दाब लागतात, काहींना पाच. आपल्या फोनला किती लागतात ते सेटिंगमधल्या सेफ्टी अँड इमर्जन्सी या भागात आत्ताच बघून घ्या. कॉल लागण्याआधी उलटमोजणी दाखवायची सोय असेल तर ती चालू ठेवा, चुकून दाबलं गेलं तर थांबवायला तेवढा वेळ मिळतो. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटही बाजूचं बटण तीनदा दाबूनच चालतो. तो लावलात तर आपत्कालीन कॉल आता कसा लागतो हे तिथेच वाचून घ्या.

ही भीती उगाच नाही. 2023 मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं होतं की तिथल्या आपत्कालीन 999 या नंबरवर येणारे कॉल विक्रमी वाढले आहेत आणि पॉवर बटण पाच वेळा दाबून कॉल लागण्याची अँड्रॉइडमधली सोय हे त्यामागचं एक कारण असावं. आपल्याकडे 112 ला चुकून कॉल लागला तर घाबरून कापू नका. समोरच्याला सांगा की चुकून लागला. नाहीतर तुम्ही ठीक आहात का हे बघण्यात त्यांचा वेळ जातो, आणि त्याच वेळी कुणाला तरी खरोखर मदत हवी असते.

हेच बटण दाबून धरण्याबद्दल दुसरी तक्रार: फोन बंदच होत नाही, बोलून काम सांगायचा असिस्टंट उघडतो. अँड्रॉइड 12 पासून बऱ्याच फोनवर असं झालंय. अशा वेळी पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून बघा. सॅमसंगवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबायचं. वरून पडदा खाली ओढला तरी पॉवरचं चिन्ह मिळतं. जुनी सवय परत हवी असेल तर सॅमसंगमध्ये ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये साइड बटणाचं सेटिंग आहे, इतर फोनमध्ये जेस्चर्समध्ये शोधा.

एकाच बटणावर एक, दोन आणि तीन दाबांची कामं

इअरबडवर हे सर्रास होतं. एकदा टॅप केलं की गाणं थांबतं, दोनदा केलं की पुढचं, तीनदा मागचं, दाबून धरलं की बाहेरचा आवाज बंद. मग वाटतं, इअरबड आळशी झालेत. खरं कारण असं की दोन टॅपना काम दिलं की पहिल्या टॅपनंतर यंत्राला थांबावंच लागतं. दुसरा टॅप येतोय का, हे कळल्याशिवाय ते काही करू शकत नाही. तीन टॅपही लावले तर वाट आणखी वाढते. जे काम तुम्ही दिवसभर करता ते एका टॅपवर ठेवा आणि नको असलेली बाकीची कामं बंद करा. हात सावकाश चालत असेल तर आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत बाजूच्या बटणाचा वेग कमी करता येतो.

पावसाळ्यात इअरबड आपोआप थांबत-सुरू होत असतील तर पाण्याचा थेंबही बोटासारखाच ओळखला जातो, हे लक्षात घ्या. पुसा आणि पुन्हा बघा. इअरबडच्या ॲपमध्ये कंट्रोलची यादीच दिसत नसेल, तर इअरबड त्या वेळी जोडलेले नसतात.

वयस्कर माणसाचा फोन आपल्या सवयीने लावणं

यावर मला जरा आग्रहाने सांगायचंय. आपण त्यांच्या फोनवर कडेने सरकवायचं जेस्चर नेव्हिगेशन लावतो, कारण आपल्याला ते आवडतं. त्यांचा अंगठा मात्र फोन धरतानाच कडेवर टेकतो आणि व्हॉट्सॲप मधेच मागे जातं. खालची तीन बटणं परत लावून द्या, त्यात काही कमीपणा नाही. जेस्चरच ठेवायचे असतील तर त्याच सेटिंगमध्ये मागे जाण्याची संवेदनशीलता डाव्या-उजव्या कडेसाठी कमी करा.

दुसरं म्हणजे चिन्हं गायब होणं. त्यांचं बोट स्क्रीनवर जरा जास्त वेळ टेकतं, फोनला वाटतं दाबून धरलंय, चिन्ह सुटतं आणि दुसरीकडे जाऊन पडतं किंवा निघूनच जातं. ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' नावाचं सेटिंग आहे, ते 'लाँग' करा. सोबत होम स्क्रीन सेटिंगमध्ये मांडणी लॉक करा. एवढ्या दोन गोष्टी केल्या की चुकून होणारी हलवाहलव बरीच थांबते.

सेटिंगचा दोष नसताना सेटिंग बदलत बसणं

चार्जिंगला लावल्यावरच स्क्रीन वेड्यासारखी उड्या मारते? आधी चार्जर काढा. बोट लागल्यावर विद्युतभारात होणारा बारीक बदल ओळखून टच चालतो. स्वस्त चार्जरमधून येणारा विजेचा गोंधळ त्यात मिसळतो आणि नसलेली बोटं उमटतात. चार्जर बदलून फरक पडला तर प्रश्न तिथेच मिटला.

उलट टच लागतच नसेल आणि वर जाड टेम्पर्ड ग्लास असेल, तर डिस्प्लेमधलं टच सेन्सिटिव्हिटी वाढवा. शंका उरली तर सेटिंगमध्ये एरवी लपवलेल्या डेव्हलपर ऑप्शन्स या भागातलं 'शो टॅप्स' चालू करा. बोट टेकेल तिथे ठिपका दिसतो. हात न लावता ठिपके उमटत असतील किंवा एका पट्ट्यात बोट फिरवूनही ठिपका येत नसेल, तर तेव्हा दुरुस्तीवाल्याकडे जा.

बटणं बदलणाऱ्या कुठल्याही ॲपला परवानगी देणं

आवाजाच्या बटणाने टॉर्च लावून देणारी ॲप्स ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती दिली की ॲपला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. बँक खात्यांवर डल्ला मारणारे व्हायरस हीच परवानगी मिळवण्याच्या मागे असतात. म्हणूनच अँड्रॉइड 13 पासून प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेल्या ॲपना ती सहज देता येत नाही, आणि अशी ॲप चालू असली की काही बँकांची ॲप्स उघडायला नकार देतात. कुणी लिंक पाठवून 'ही अडचण आली तर अशी परवानगी सुरू करा' असं सांगत असेल तर तिथेच थांबा. फोनमध्ये मुळात जे सेटिंग आहे तेवढ्यात काम भागतंय का ते आधी बघा.

लॅपटॉपचा कीबोर्ड

विंडोजमध्ये उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज सुरू करायचं विचारलं जातं. घाईत हो म्हटलं की अक्षरं उशिरा उमटतात, पटकन दाबलेली तर गळूनच जातात, आणि कीबोर्ड गेला असं वाटतं. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत कीबोर्ड या भागात ते बंद करा. शिफ्ट पाचदा दाबल्यावर येणारं स्टिकी कीजही तिथेच.

पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत ॲपने की बदलणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं: तो बदल पॉवरटॉइज चालू असेपर्यंतच टिकतो, लॉगिनच्या स्क्रीनवर तो नसतो. पासवर्डातलं चिन्ह बदललेल्या कीवर असेल तर लॉगिन करताना ती मूळ की दाबायला लागेल. आणि मराठी टायपिंगसाठी दुसरी भाषा जोडली असेल तर लॉगिनआधी कोपऱ्यातल्या भाषेच्या चिन्हाकडे बघा. डावी आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली की भाषा बदलते, आणि मग अचूक पासवर्डही चुकीचा ठरतो. आल्ट-शिफ्टने वारंवार असं होत असेल तर टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये तो शॉर्टकट काढून टाका. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेस उरतातच.