एकवीस अंकी संख्या तपासताय? या चुका टाळा

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे २ चा ६७वा घात उणे १. ही मूळ संख्या आहे असं मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्यानं १६४४ मध्ये छापलं. ते चूक होतं, हे सिद्ध व्हायला १८७६ साल उजाडलं. आज संगणक हाताशी असूनही या संख्येशी खेळताना लोक हमखास फसतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते एक्सेल. ते पहिले १५ अंकच जपतं. संख्या टाइप करा, फॉरमॅट बदला, की शेवटचे ४१२९२७ जाऊन तिथे सहा शून्यं! चांगल्या विषम संख्येला मग दहाने भाग जायला लागतो, आणि एररही येत नाही. टेक्स्ट म्हणून टाकली तर अंक टिकतात, पण गणित अडतं. त्यापेक्षा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बरी, तिच्यात पूर्णांक कितीही लांब चालतो. मात्र घात काढताना २ ऐवजी २.० लिहिलंत तर शेवटच्या ७ चा ८ होतो. तसंच साधा भागाकार करून ‘दशांशात काही उरलं नाही, म्हणजे भाग गेला’ असं ठरवू नका. भागाकार फार मोठा असला की त्यात दशांशाला जागाच उरत नाही. थेट बाकी काढा.

हाताने करायचं तर ७, ११ आणि १३ यांची कसोटी एकाच दमात होते, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून पालटून अधिक-उणे करा: ९२७ − ४१२ + ६७६ − ५८९ + ९५२ − ५७३ + १४७ = ११२८. याला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. इथे आपल्याकडची चूक स्वल्पविरामाची: लाख-कोटीच्या सवयीने १४,७५,७३… असे दोन-दोनचे गट घेतले की कसोटी कोलमडते.

घातांक मूळ आहे म्हणून संख्याही मूळ, हे तर मुळीच धरू नका. २ चा ११वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९.

अवयव शोधताना दिसेल त्या मूळ संख्येने भागत बसणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो, शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. फ्रेंच गणितज्ञ लुकासनं १८७६ मध्ये ही संख्या मूळ नाही हे दाखवलं, पण अवयव त्याच्या हाती नव्हते. ‘मूळ नाही’ कळणं वेगळं आणि अवयव सापडणं वेगळं. ते १९०३ मध्ये अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल या गणितज्ञानं मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. फळ्यावर गुणाकार करून तो एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला, असं सांगतात.

हा गुणाकार पडताळताना फक्त नऊची बाकी बघून थांबू नका. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी अंकांची बेरीज तीच राहते, आणि नऊची बाकी त्या बेरजेवरूनच ठरते. अकराची बाकी ही अदलाबदल पकडते: अवयवांच्या बाक्या ९ आणि ८, गुणाकार ७२, त्याची बाकी ६. वरच्या ११२८ ला ११ ने भागा, तिथेही ६ च उरतात.