पीएम किसानचा हप्ता अडकला होता, असा सुटला

लक्षण: स्टेटसमध्ये ई-केवायसी 'येस', लँड सीडिंग (जमिनीच्या नोंदीची जोडणी) 'येस', पण आधार बँक सीडिंग 'नो'. २००० रुपयांचे दोन हप्ते आलेच नाहीत. ई-केवायसी पुन्हा केली, तलाठ्याकडे सातबारा दाखवला; उपयोग शून्य. पेरणीच्या तोंडावर फार जीव जळला.

मग मायआधारवर (आधारच्या सरकारी पोर्टलवर) ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं. तिथे बंद पडलेल्या जुन्या खात्याची बँक, पुढे 'इनॲक्टिव्ह'! खात्याला आधार जोडणं वेगळं, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआय मॅपिंग, म्हणजे आधारवरचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडची नोंद, वेगळं, हे तेव्हा कळलं. सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरला, त्यात जुन्या बँकेचं नाव लिहिलं, पोच घेतली. चार दिवसांनी मायआधारवर 'ॲक्टिव्ह' दिसलं. पुढचा हप्ता वेळेवर जमा झाला.